पाहुण्यांचं वायफाय

गेली सतरा वर्षं मी मध्य प्रदेशातल्या देवासात आणि आसपासच्या गावांत लोकांच्या घरी वायफाय बसवून देते आहे. त्याआधी संगणकाचा क्लास चालवत होते. क्लासात येणारी मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणायला लागली, तेव्हा तो बंद केला आणि पक्कड, पेचकस आणि तारेचं भेंडोळं असलेली पिशवी खांद्याला लावली. बाई घरात येऊन स्टुलावर चढते आणि भिंतीला भोक पाडते, याचं पहिली दोन-तीन वर्षं लोकांना नवल वाटलं. नंतर कुणी बघेनासं झालं. बाई असण्याचा एक फायदा मात्र कायम राहिला. मला स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत कुठंही जाता येतं, आणि सिग्नल नेमका तिथंच पोचत नसतो. आता गुडघ्यांनी स्टूल नको म्हटलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

काम तसं सोपं आहे. बाहेरून इंटरनेटची एक तार घरात येते आणि एका डबीला जोडली जाते. त्या डबीला राऊटर म्हणतात. डबी ते इंटरनेट हवेतून घरभर पसरवते, म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन कुठंही बसता येतं. पण हवा तुमच्या भिंतीपाशी थांबत नाही. शेजारच्या गच्चीवर आणि समोरच्या पानाच्या गुमटीवरही ती पोचते. म्हणून कुलूप हवं. डबीची आतली मांडणी बदलायला तिचा स्वतःचा एक पासवर्ड असतो. तो कारखान्यातून येतो आणि जगाला ठाऊक असतो, म्हणून आधी तो बदलायचा. मग वायफायला लांबलचक, कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड द्यायचा. मग लॅपटॉपची स्वतःची राखण, म्हणजे अँटिव्हायरस वगैरे, चालू आहे ना ते पाहायचं. तासाभराचं काम. उरलेला दिवस लोकांना पासवर्डाचं महत्त्व पटवण्यात जातो.

आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांत पासवर्ड म्हणजे कुलदैवताचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. दारावर त्याच दैवताची तसबीर असते. मी म्हणते, अहो, चोराला दारातच कळलं की. त्यावर एका काकूंनी मला सांगितलं, "देवाचं नाव घेऊन चोरी करेल तो पाप लागून मरेल." मी पिशवी खांद्याला लावली.

उलट टोकाचेही भेटतात. देवासच्या सरकारी छापखान्यात नोटा छापण्यात उभं आयुष्य घालवलेले एक गृहस्थ होते. गुप्तता त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. पासवर्ड टाकताना त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, पत्नीला माडीवर पाठवलं, आणि आठ दिवसांनी स्वतःच विसरले. कागदावर लिहिलाय म्हणाले, पण कागद कुठं ठेवलाय तेही गुप्त. दोन दिवस घर उलथंपालथं करून झालं, तेव्हा तो अंगातल्या बंडीच्या खिशातच निघाला. काखेत कळसा म्हणतात तो असा.

सतवासला धान्याच्या एका व्यापाऱ्याकडं वायफाय बसवून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, काहीच चालत नाही. बस पकडून गेले तर डबी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली शेठजींच्या कमरेला. "बेनजी, कल आपने ही तो कहा था, सुरक्षित रखना," शेठजी म्हणाले. शेजारी बसलेला त्यांचा मुनीम मला हळूच म्हणाला, "मैंने बोला था भिया को, पर सुनते किसकी हैं." लोखंडातून सिग्नल बाहेर पडत नाही हे मी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. लोक आपण सांगितलेलंच करतात आणि न सांगितलेलं त्यांच्या रीतीनं भरून काढतात. हे मला सतवासला कळायला हवं होतं. कळलं धारला, आणि तिथं ते महागात पडत होतं.

धार माझं माहेर. तिथले पोतनीस सर मला शाळेत गणित शिकवायचे. आता वय एक्याऐंशी, पाठीचा कणा अजून ताठ. त्यांच्या घरी ते आणि सून मृणाल अशी दोनच माणसं. सरांचा एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मृणालचं माहेर इंदूर. ती भावाकडं जाणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. एका कंपनीचं घरून करायचं काम तिनं धरलं आणि मला फोन केला.

"मावशी, कंपनीचा लॅपटॉप आलाय. वायफाय एकदम सेक्योर पाहिजे म्हणतात. फॉर्मवर साइन पण केलीय मी."

परदेशातल्या दवाखान्यांचे कागद तपासायचं तिचं काम. कुणाला काय आजार, कुणाचं काय ऑपरेशन, सगळं त्यात. त्यामुळं कंपनीची अट अशी की तो लॅपटॉप ज्या वायफायवर बसेल, तिथं घरच्यांशिवाय कुणी बसता कामा नये. आणि नुसतं सांगून कंपनी थांबत नाही. शेजारी आणखी कोणकोण जोडलंय, हे तो लॅपटॉपच न्याहाळत असतो आणि वर कळवतो.

मी जाऊन सगळं नीट करून दिलं. महिन्याभरानं मृणालचा फोन आला, कंपनीनं ताकीद दिली आहे. मी गेले. बाहेरच्या खोलीत कॅलेंडरखाली एक पाटी लावलेली दिसली. सरांचं फळ्यावरचं अक्षर मी कुठंही ओळखीन. वर "आलेल्यांच्या सोयीसाठी" आणि खाली सबंध पासवर्ड. दर गुरुवारी सरांकडं भजनी मंडळ जमतं. शिवाय जुने सहकारी, गल्लीतली मंडळी, कुणी ना कुणी रोज असतंच. आल्यागेल्याला गूळपाणी द्यायचं, तसं आता वायफाय.

मृणाल मला आत घेऊन गेली. "मावशी, नानांना ताकीदचं सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल. तुम्हीच काहीतरी जुगाड करा ना." घरात ती सासऱ्यांना नाना म्हणते.

यावर उपाय आहे, आणि तो जुगाड नाही. एकाच डबीतून दोन वायफाय काढता येतात. एक घरचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या वायफायवरून इंटरनेट मिळतं, पण घरच्या वायफायवर काय आहे ते दिसत नाही. मी सरांना म्हटलं, "ओसरी आणि माजघर समजा. आलेला ओसरीवर बसेल, माजघरात येणार नाही."

"समांतर रेषा," सर म्हणाले. "कुठंच छेदणार नाहीत."

"अगदी तसंच. आणि पाहुण्यांचं जरा हळू ठेवलंय."

"हळू का?"

"पाहुण्यांना काय सर, दोन फोटो बघायचे असतात."

 मी एका कागदावर दोन्ही नवे पासवर्ड लिहिले, वर "घरचं" आणि "पाहुण्यांचं" असं लिहिलं. मृणाल शेजारी उभी होती. तिचा हात थोडा पुढं आल्याचं मला दिसलं. मी कागद सरांच्या हातात दिला. घरातली कुठलीही महत्त्वाची वस्तू वडीलधाऱ्याच्या हातात द्यायची, ही आपली पद्धत. किल्ली असो, पत्रिका असो, नाहीतर लग्नाची यादी. मी प्रत्येक घरात तसंच करत आले होते. त्यातून हे तर माझे सर. लॅपटॉप सुनेचा, नोकरी सुनेची, सही सुनेची, आणि कागद सासऱ्यांना. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी मृणालचा फोन आला. आवाज सपाट.

"मावशी, लॅपटॉप लॉक केलाय त्यांनी. काल कुणाच्या तरी फोनमधून व्हायरस आला म्हणतात, माझ्या लॅपटॉपला धडका देत होता. उद्या अकराला व्हिडिओ कॉल आहे. सेटिंग ठीक नसली तर म्हणे बंगळूरला येऊन ऑफिसात बसा, नाहीतर राहू द्या."

यापुढचं मला ठाऊक होतं. नोकरीशिवाय ते घर चालणार नव्हतं. ती बंगळूरला गेली असती तर सर बरोबर जाण्यासारखे नव्हते. धारला त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. पुण्याच्या एका पुतण्यानं वृद्धाश्रमाची माहिती पूर्वीच पाठवून ठेवली होती, छान रंगीत छापलेली. सरांनी ती वाचून, घडी घालून परत पाठवली होती. आता ती पुन्हा आली असती.

शनिवारी सकाळच्या पहिल्या बसनं इंदूर आणि तिथून धार. पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. डबीत शिरून आजवर जोडलेल्यांची यादी उघडली. घरच्या वायफायवर चौदा उपकरणं. पाहुण्यांच्या वायफायवर एक. ते एक म्हणजे सरांचा फोन.

मी दोनदा तपासलं. मग सरांना विचारलं, "सर, हे उलटं कसं झालं?"

"उलटं नाही," सर शांतपणे म्हणाले. "मीच तसं दिलं सगळ्यांना."

"पण कागदावर मी लिहिलं होतं."

"वाचलं ना. वसुधा, एका पंगतीत दोन प्रकारचं वाढत नाहीत. तो पंक्तिप्रपंच. आणि फरक करायचाच झाला, तर चांगलं ते पाहुण्याच्या पानात जातं, उरलेलं घरचा माणूस घेतो. बाहेरचं हळू आहे म्हणालीस तू. मग हळू मी घेतलं."

"सर, हळूचा प्रश्नच नव्हता. मृणालच्या लॅपटॉपशेजारी परकं कुणी बसायला नको होतं. तिला एकदा ताकीद मिळाली होती."

सरांनी मृणालकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"हे मला कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

खरंच सांगितलं नव्हतं. मृणालनं त्यांना जपायला म्हणून, आणि मी ओसरी-माजघराच्या माझ्या दृष्टांतावर खूश होते म्हणून. गणिताच्या माणसाला मी सिद्धता सांगितली आणि पक्षच सांगितला नाही. चूक सरांची नव्हती. ती निम्मी माझी होती, आणि कागद कुणाच्या हातात दिला ते धरलं तर निम्म्याहून जास्त.

तासभर उरला होता. डबीच्या पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून मी ती कोरी केली. डबीचा पासवर्ड नवा. वायफाय पुन्हा दोन. घरच्या वायफायचा पासवर्ड मी ठरवला नाही, मृणालला टाकायला लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मी वळले तेव्हा सर खोलीत नव्हते. चुकूनही नजर जाऊ नये म्हणून ते अंगणात जाऊन थांबले होते.

अकराला मृणालच्या फोनवर कॉल लागला. कंपनीचा एक तरुण अधिकारी, बोलायला मऊ. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, सर दाराजवळच्या खुर्चीत. त्यानं यादी मागितली, मृणालनं दाखवली. घरच्या वायफायवर आता एकच उपकरण, तिचा फोन.

"आज ठीक है, मैडम. पर पहले पासवर्ड इतने लोगों तक कैसे पहुँचा?"

"मैंने ही दे दिया था," मृणाल म्हणाली. "मुझसे गलती हुई."

"आपने फॉर्म पर साइन किया था ना? फिर भी?"

 नुसती चूक एक वेळ माफ झाली असती. सही करून वाटणं माफ होण्यासारखं नव्हतं, आणि तो अधिकारी काहीतरी लिहून घेत होता.

सर उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मृणालच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले.

"नमस्कार. मैं इनका ससुर हूँ. ये झूठ बोल रही हैं."

मृणाल वळून "नाना, बसा ना तुम्ही" म्हणाली. ते बसले नाहीत.

"पासवर्ड मैंने बाँटा. इन्होंने मुझे मना किया था, ऐसा भी नहीं कह सकता. इन्होंने मुझे आज तक किसी बात के लिए मना नहीं किया. शायद यही इनकी गलती है."

पलीकडे लिहिणं थांबलं. मग त्या मुलानं विचारलं, "अब पासवर्ड किसके पास है, सर?"

"सिर्फ़ इनके पास. मेरे पास नहीं है. मैंने लिया नहीं."

या सगळ्यात मी एक शब्द बोलले नाही. कागद मी दिला होता, समजावण्यात मी कमी पडले होते. इतकंच सांगायचं होतं, आणि सांगितलं असतं तर माझं काही बिघडलं नसतं. माझं नाव त्या कंपनीत कोण विचारतंय? तरीही सतरा वर्षांची उस्ताद म्हणून माझी जीभ उचलली नाही. एक्याऐंशी वर्षांचा माणूस अनोळखी पोरासमोर उभा राहून चूक कबूल करत होता आणि मी तारेचं भेंडोळं गुंडाळत होते. याची मला आजही लाज वाटते.

अधिकारी म्हणाला, दुपारी दोनपर्यंत लॅपटॉप खुला होईल. पुन्हा असं झालं तर त्याच्या हातात काही राहणार नाही. घरातल्या माणसाचा फोन जोडायला हरकत नाही, बाकी कुणाचा नको. दोनला लॅपटॉप खुला झाला. मृणालनं तो उघडला, कामाची यादी बघितली, आणि मग उठून आत जाऊन तोंड धुऊन आली.

तेव्हापासून मी पासवर्डाचा कागद वडीलधाऱ्यांच्या हातात देत नाही. ज्याच्या नावावर काम आहे, त्याच्या हातात देते. एका-दोन घरांत यावरून तोंडं वाकडी झाली, एके ठिकाणी आजोबा जेवायला बसले नाहीत. माझा नाइलाज आहे.

त्या दिवशी निघण्याआधी मी सरांचा फोन मागितला. "तुमचा फोन घरच्यावर जोडून देते. पासवर्ड मृणाल टाकेल, तुम्हाला कळणारही नाही."

"हो नाना, द्या," मृणाल म्हणाली. "ते चालतं म्हणाले ना."

सरांनी फोन दिला नाही. "पाहुणे बाहेर आणि यजमान आत, हे मला जमायचं नाही. मी त्यांच्यातच बसतो. मग फरक केला असं होत नाही."

"सर, तिथं तुमचं कीर्तन अडकेल." रोज चारला ते फोनवर कीर्तन ऐकतात, हे मृणालनंच मला सांगितलं होतं.

"अडकतंच की. तीन आठवडे बघतोय."

"मग पाहुण्यांचा वेग वाढवून देते. माझ्याच हातात आहे ते."

"घरात येणारं एकूण तेवढंच ना?"

"तेवढंच."

"म्हणजे मी घेतलं की हिच्या वाट्याचं कमी होणार. हिच्या मीटिंगा असतात. राहू दे."

मृणालनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती थांबली.

माझी बस साडेचारला होती, म्हणून मी बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. पलीकडे मृणालचा इंग्रजी-हिंदी आवाज सुरू होता, कुणाला तरी आकडे समजावत होती. चारला सरांनी खुर्ची भिंतीशी ओढली आणि फोनवर कीर्तन लावलं. बुवांनी अभंगाचा पहिला चरण म्हटला, दुसऱ्यासाठी हात वर केला आणि तसेच थांबले. सर थांबले. थोड्या वेळानं हात खाली आला, चार शब्द झाले, पुन्हा थांबला. असं तीनदा झालं. मग सरांनी फोन मांडीवर पालथा ठेवला, लोटलेल्या दाराकडं एकदा पाहिलं, आणि पुढचे चरण स्वतःच म्हणायला लागले. आत मीटिंग चालू होती, म्हणून अगदी हळू आवाजात.